विरुपाक्षमामांचा नंबर

धाराशिव,
दि. ८ जानेवारी २०२५

ती. शिवगंगाआत्यास,
सोनालीचा शि. सा. न. वि. वि.

डबा पोचला. भाकरी मऊ होत्या, चटणीनं मात्र जीव घेतला. मोबाइलच्या दुकानातल्या निकितानं नुसतं बोट लावलं आणि अर्धा तास पाणी पीत बसली. कंडक्टरकाका म्हणाले, ईटच्या डब्याचा वास भूमपासून गाडीत फिरतोय, पुढल्या वेळी त्याचंही तिकीट फाडतो. रिकामा डबा आणि हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. तुमचे कान गेल्यापासून आपलं पोस्ट हेच.

आता एक विचारायचंय. गेला महिनाभर मला मामांच्या नंबरावरून फोन येतो. रोज नाही, पण येतो तेव्हा दुपारी दोनच्या सुमाराला. तुम्हाला एकटं सोडून मामांना जाऊन तेरा महिने झाले आणि माझ्या फोनवर ‘विरुपाक्षमामा’ असं नाव, वर त्यांचा तो फेट्यातला फोटो. मी उचलते. पलीकडं कुणी बोलत नाही. कापड घासल्यासारखा आवाज येतो, मध्येच कोंबडी ओरडते, आणि बंद. तो फोन कुणाला दिलाय का? आणि तुम्हीच लावत असाल तर निदान खोकून तरी दाखवा.

दुसरं म्हणजे, तुम्ही एकट्या मळ्यात जाता, तुम्हाला फोन हवाच. ऐकू नाही आलं तरी तुम्ही बोललेलं आम्हाला ऐकू येईल. मी आता गिऱ्हाइकाला आधी कॅमेरा दाखवत नाही, हात पुढं करा म्हणते. एका हातात धरल्यावर अंगठा वरच्या कोपऱ्याला पोचला तर तो फोन तुमचा, नाहीतर दुसऱ्याचा. तेव्हा कागदावर उजवा पंजा ठेवा, भोवती पेन्सिल फिरवा आणि डब्यातून पाठवा. मामांनी चुन्याच्या डबीएवढा मागितला होता आणि मी तो भलामोठा नेला, आठवतंय ना? बसायला पाट बरा झाला म्हणाले होते.

पत्राची वाट बघते. माया आहेच, ती राहू द्या.
तुमची,
सोनाली

ईट,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. सोनालीस,
अ. उ. आ.

तुझा कागद पोचला. चटणी तिखट लागती म्हंजे तू शहरातली झालीस. पुढल्या डाव गूळ धाडते, तोच खात बस.

म्या कुणाला फोन लावला न्हाय. लावून करू काय, पलीकडचं ऐकू कुठं येतंय? फोन कुणाला दिलाबी न्हाय. वर्षाचं कार्य झालं तवा पेटीतनं काढला आन् कोनाड्यात त्यांच्या फोटोम्होरं ठेवला. ज्ञानोबाभावजींनी नंबर चालू ठेवलाय, म्याच सांगितलं तसं. दिवा लावते तसा रोज चार्जिंगला लावते. जेवण झालं की पदरानं पुसते, दोन घडी हातात धरते आन् ठेवते. एवढंच.

दोन वाजता म्हंतीस ते वाचून अंगावर काटा आला. मळ्यातनं जेवाया यायची त्यांची येळ तीच. तू उचलतीस तवा ते काई बोलत्यात का? मला हसू नगंस, खरं सांग. नुसता खाकरल्याचा आवाज आला तरी सांग.

मला फोन नगं. हाताचा पंजा काढायाबी लावू नगंस, भेगा पडल्यात, पेन्सिल त्यातच अडकायची. जिवाला जप, दुपारचं जेवण टाळत जाऊ नगंस.

तुजी,
आत्या

धाराशिव,
दि. १९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उलगडा झाला. मामा नाहीत, तुमचा पदर आहे. कडबाकुट्टीच्या यंत्रात मामांचा अर्धा अंगठा गेलेला, त्यांना नंबर काढता येईना, म्हणून मीच माझा फोटो फोनच्या पहिल्या पानावर मोठा करून ठेवला होता. त्याला बोट लागलं की फोन मला लागावा अशी सोय. कुलूपही काढून टाकलं होतं. तुम्ही काच पुसता तेव्हा पदराआडून बोट फोटोवर पडतं. दुकानात तसाच फोन घेऊन ओढणीनं पुसून बघितला, चार वेळांत दोनदा लागला.

हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आणि का ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मामा गेले त्या दिवशीही दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला होता. समोर एक बाई निळा घेऊ की काळा करत अर्धा तास बसल्या होत्या. मी मामांचा फोन कट केला. म्हटलं, जेवलीस का विचारायला केला असेल, मग करू. पाचच्या आत बाबांचा फोन आला, मामा मळ्यात सापडले. सगळे म्हणतात, झटका आला, जागच्या जागी गेले, काही कळलंसुद्धा नसेल. मी मान हलवते. पण त्यांनी मला हाक मारली होती आणि मी ती बोटानं बाजूला सारली. उचलला असता तर ज्ञानोबाकाकांना पळवलं असतं, भूमला दवाखान्यात नेलं असतं. आता त्यांचं नाव झळकलं की समोरचं गिऱ्हाईक सोडून आधी फोन उचलते.

आत्या, तुम्ही त्यांना शेवटचं बघितलंय. मामा किती वेळ तसे पडून होते? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. खरं सांगा.

रागावलात तरी पत्र बंद करू नका, एवढं मागते.
सोनाली

ईट,
दि. २७ जानेवारी २०२५

चि. सोनालीस,
अ. उ. आ.

आठ दिस डबा धाडला न्हाय. कागद रोज घ्यायची आन् रोज ठिवून द्यायची. आज लिवते.

त्यांनी तुला फोन केला न्हाय. फोन त्यांच्यापाशी नव्हताच, घरी होता. जेवाया आले न्हायत म्हून किती वाजले बघाया म्या हातात घेतला. हाताला पीठ होतं, काचंला लागलं, ते पदरानं पुसलं. तू कट केलास तो माझा पदर होता, बाई. त्यांची हाक नव्हं. हे ओझं आजच्या आज खाली ठेव.

इथं थांबणार होते. पर तू खरं मागितलंस, आन् अर्धं खरं सांगून मला झोप यायची न्हाय.

फोन घरी का होता, तर तो बंडीच्या खिशात ऱ्हात नव्हता. अर्धा वर दिसायचा. कांद्याला पाणी देताना माणूस घडीघडी वाकतं, वाकलं की ह्यो खाली. दोनदा दांडातल्या पाण्यात पडला. एका हातानं धरावं तर अर्धा अंगठा, दुसऱ्या हातात खोरं. मग ते घरीच ठेवाया लागले. मला म्हनले, सोनीला कागद लिही, ह्यो ठेव म्हनावं तुलाच आन् एक बारका दे. म्या लिवलं न्हाय. म्हनलं, पोरीनं पयल्या पगारात हौसंनं आणलाय, तिला काय वाटंल. तवा निम्मी चूक माझी हाय.

ते जागच्या जागी गेले न्हायत. वाफ्यापासून बांधावरच्या लिंबापोतर वल्या मातीत गुडघ्यांचा माग होता. भावजींनी तो मला दाखवला आन् पायानं मोडला. किती येळ लागला असंल ते देवाला ठावं. बारका फोन खिशात असता तर काय झालं असतं, ते म्या रोज धरते आन् रोज सोडते. आता तुलाबी ठावं झालं.

राग तुझ्यावर न्हाय. होता, खोटं कशाला बोलू. वर्षाच्या कार्यापोतर होता. आता न्हाय.

तुजी,
आत्या

धाराशिव,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दुकानामागच्या खोलीत खोक्यांवर बसून वाचलं. निकिताला वाटलं बरं नाही, तिनं चहा आणला. तो गार झाला.

हात मोजायची माझी सवय मामा गेल्यानंतरची आहे. लोक म्हणतात, पोरगी शिस्तीची, माणूस बघून फोन देते. मामांचा हात मी कधी मोजलाच नाही. त्यांनी चुन्याची डबी तळहातावर ठेवून दाखवली होती, एवढाच दे म्हणाले होते. मी हसले. मला वाटलं त्यांना कळत नाही. मला मोठा आवडायचा, म्हणून त्यांना मोठा.

परवा वाशी तालुक्यातला एक शेतकरी आला, बंडीतला. अंगठा पोचला तरी मी त्याला म्हटलं, खिशात ठेवा आणि तीनदा खाली वाका. तिसऱ्या वेळी फोन माझ्या ओंजळीत पडला. तो हसला. मला हसता आलं नाही. त्याला लहान दिला.

गुरुवारी दोन वाजता पुन्हा मामांचं नाव आलं. तुम्ही आहात, पदर आहे, सगळं ठाऊक होतं. तरी उचलला आणि बोलून गेले, मामा, चुकलं माझं, तुम्ही सांगितलं तसा बारका आणायला हवा होता. दुकानातली माणसं बघत होती. तुम्हाला ऐकू येत नाही हे माहीत होतं, म्हणूनच बोलता आलं. तुम्हाला न विचारता तुमच्या हातातल्या फोनमध्ये बोलले, तेवढं पोटात घाला.

सोनाली

ईट,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सोनालीस,
अ. उ. आ.

डब्याच्या तळाशी घडी केलेला कागद हाय, त्यावर माझा पंजा. करंगळीपाशी वाकडा झालाय, पेन्सिल निसटली. म्याबी आता कांद्यात वाकतेच, तवा कनवटीला खोचला की हलू नये असा बारका बघ. रंगाचं मला काई इचारू नगंस.

मोठा फोन तुला द्यायची न्हाय. त्यो कोनाड्यातच ऱ्हाईल. पर आता पुसताना चुकून लागाया नगं. जेवण झालं की म्या तुझ्या फोटोला बोट लावीन आन् फोन त्यांच्याम्होरं ठेवीन. तुला जे सांगायचंय ते त्यांना सांग, रोजचं रोज, संपंस्तवर. म्या भांडी घेऊन घरामागं परड्यात जाईन. मला ऐकू येत न्हाय, तरीबी जाईन.

तुजी,
आत्या