तंत्र मंडळाची अध्यक्ष

सर, परवा आपल्या शाळेत गेले होते. वर्कशॉपच्या खोलीत आता मोडके बाक रचून ठेवलेत. तुमच्यामागे तंत्र मंडळ काही दिवस कसंबसं चाललं, मग नवे हेडमास्तर म्हणाले की याने मुलांचे मार्क वाढत नाहीत, आणि ते बंद झालं. कोणी भांडलं नाही. भांडणारे तुम्हीच होतात.

शनिवारी शाळा लवकर सुटली की आपण तिथे जमायचो. शाळेजवळच्या महाल भागातल्या घरांमधून जळालेले पंखे, पाण्याच्या मोटारी यायच्या. तुम्ही त्या खोलून समोर ठेवायचे आणि कोणी काय करायचं ते आम्हालाच ठरवायला लावायचे. मुलांमध्ये मुलगी मी एकटीच. आई घरी विड्या वळायची. तिला वाटायचं, मी शाळेत शिवण शिकते. दहावीच्या वर्षी तुम्ही निवडणूक घेतली आणि मी अध्यक्ष झाले. मी टेबलापाशी उभी आहे, तोंडातून शब्द फुटत नाही, मागे मुलं हसताहेत. तुम्ही शांतपणे म्हणता, "काहून वं, मोटारीले हात लावाले भेत नाही, अन् या पोट्ट्यायले भेऊन राहिली?" मग मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण हसणं थांबलं होतं.

त्याच वर्षी तुम्ही आम्हाला कामठी रोडवरच्या पाण्याच्या मोटारींच्या एका कारखान्यात नेलं. मी एका मोटारीतला बिघाड ओळखला, तेव्हा तिथले इंजिनियर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅट्रिक झाली की ये, अप्रेंटिस म्हणून घेऊ." त्या दिवशी मी आईला खरं सांगितलं. ती हातातली विडी वळून सुपात टाकत म्हणाली, "मंग शीक. विड्या तं मी वळूनच राहिली."

मॅट्रिकनंतर मंडळातली दोन मुलं आणि मी तुमच्यासोबत तिथे गेलो. दोघांना आत बोलावून लगेच अप्रेंटिस म्हणून घेतलं. माझ्या वेळी भरती करणाऱ्या साहेबांनी कागद पाहिलेच नाहीत. माझ्या डोक्यावरून तुम्हाला म्हणाले, "मास्तर, इथं बायकांसाठी साधी मोरी नाही. पोरीला ठेवू कुठं?" माणूस वाईट नव्हता, आपल्यासाठी चहा मागवला त्यांनी. तुम्ही किती वेळ बोलत राहिलात. चहा तसाच निवला.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "सर, तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"मंग मले काहून आणलं?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. "वाटलं, तुले समोर उभी पाहून त्यायले लाज वाटन. त्यायले नाही वाटली. मलेच वाटून राहिली."

त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी आणखी कुठे कुठे गेलात, ते मला इतरांकडून कळत गेलं. सगळीकडे तेच उत्तर. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. मंडळातल्या मुलांनी तुम्हाला खांदा दिला. मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. पुढे यायला कोणी सांगितलं नाही, आणि मीही आले नाही.

आता मी इतवारीच्या बाजारात विजेच्या सामानाच्या एका दुकानात बसते, कपाटातून बल्ब आणि बटणं काढून देते. त्या दोघांपैकी एक फोरमन झालाय. भेटला की अजून मला "अध्यक्ष" म्हणतो. मायेनेच म्हणतो, पण मग दिवसभर मला काही सुचत नाही. तुम्ही आम्हाला उभं राहून बोलायला शिकवलंत, काम वाटून घ्यायला, बिघडलं तर तोंडावर कबूल करायला. ते सगळं आहे माझ्याजवळ. दुकानात त्यातलं काही लागत नाही. शेठ म्हणतात, "बाई, माल द्या, गोष्टी नको." ते खोटंही नाही. गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं.

माझी मुलगी यंदा आठवीत गेली. परवा आपल्याच शाळेत तिचं नाव घालायला गेले तेव्हा मी तिथल्या बाईंना विचारलं, इथे मुलांचं काही मंडळ वगैरे आहे का. नाही म्हणाल्या. हे पत्र कुठे पोस्टात पडायचं नाही म्हणून लिहिते, सर. ते 'नाही' ऐकून मला बरं वाटलं. तिला पुढे कोणी "अध्यक्ष" म्हणणार नाही.