बाकावरचा कायदा

३ फेब्रु.
अर्चना बुद्धिबळात जिल्ह्यात पहिली. टायरवाल्या दिगंबरची पोर. बापाचा डबा पोचवून परत जाताना माझ्या हॉटेलातल्या मागच्या बाकावर डाव बघत बसायची, तीच. येरमाळ्याच्या फाट्यावर आज फ्लेक्स लागला. तिच्यापेक्षा शुभेच्छुकांची तोंडं मोठी. मीही गल्ल्याच्या वर तिचा फोटो टांगला. धंद्याला बरं, खोटं कशाला बोला.

९ फेब्रु.
ज्यांनी कधी प्यादं हातात धरलं नाही ते गिऱ्हाइकांना सांगायलेत, आम्हीच शिकवलं. शिकवलं बापूंनी, रिटायर तलाठी. बाकाचा कायदाही त्यांचाच: वजिरानं मात केली तर नुसतं ‘बरं’. प्याद्यानं केली तर हरणाऱ्यानं सगळ्या बाकाला चहा पाजायचा.
आज सत्काराला माईकवर मीच बोलून गेलो, “पोरी, पुण्यातबी प्याद्यानंच मात कर.” टाळ्या लई.

२२ फेब्रु.
पुण्यातली राज्य स्पर्धा, शेवटची फेरी. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवलेला, भोवती पंधरा-वीस डोकी. वजीर एक घर सरकला की मात, मलासुद्धा दिसत होतं. तिनं प्यादं सारलं. समोरचीनं शह दिला. परत शह. परत... बरोबरी. अर्ध्या गुणानं दुसरी.
बापू बराच वेळ चष्मा पुसत होते.

१ मार्च
शेजारच्या टेबलावरचं कानावर आलं: डोक्यात हवा गेली. दुसरा म्हणाला, टायरवाल्याचीच पोर, हवा भरणारच. हसू आलं, मग लाज वाटली.
फ्लेक्स कुणीतरी हरभऱ्याच्या राशीवर झाकलाय. तिचा एक डोळा तेवढा वर.
मनात एकच घोळतंय. वजीर तिला दिसलाच नाही, का दिसून सोडला? दिसला नसेल तर तिचं चुकलं. दिसला असेल तर माझं, त्या माईकवरचं.

४ मार्च
दिगंबर चहाला. पट कपाटावर टाकलाय म्हणे. पुढच्या स्पर्धेचा फॉर्म आठ तारखेपर्यंत. ती नको म्हणायली. बापाचं तोंड उतरलेलं.

७ मार्च
दुपारी आली. मी विचारायच्या आधी तीच, “काका, तेवढा फोटो उतरवा. लोकं चहा पिता पिता बघायलेत.”
उतरवला. खिळा राहिला.
म्हटलं, वजीर दिसला नव्हता का गं?
“दिसला की.”
एवढंच. बापूंकडं बघत राहिली. बापू खालमानेनं म्हणाले, “कायदा ह्या बाकाचा हुता बाई. तिथला न्हवं.”
तिनं सोंगट्या मांडल्या. तासाभरात बापू कोंडीत. वजिरानंही मात होती, दोन खेळ्यांत प्याद्यानंही. हात वजिरावर गेला, थांबला. प्याद्यावर गेला, तिथंही थांबला. माझं दूध उतू गेलं तरी मी हललो नाही.
तेवढ्यात दिगंबरनं हाक मारली. उठली. “बापू, हलवू नका. उद्या येते.”
पटावर वड्यांची जाळी झाकून ठेवलीय. बापू घरी जाताना दोनदा वळून बघून गेले.
उद्या आठ तारीख.