'अंतिम' आणि 'अंतिम नक्की'

४ फेब्रुवारी

आज ग्राहकांना पाठवायची दोन सल्लापत्रं लिहिली. उद्या अकराला मध्यवर्ती बँक व्याजदर जाहीर करणार. कमी झाले तर पहिलं पत्र — 'सुवर्णसंधी! शेअर घ्या.' जैसे थे राहिले तर दुसरं — 'दिलासा नाही. विकून मोकळे व्हा.' दोन्ही ठणठणीत. 'आम्ही आधीच म्हटलं होतं' हे दोन्हींत आहेच. साहेब म्हणाले, "भाषेत आत्मविश्वास दिसू दे." दिसू दिला. त्याला माहिती थोडीच लागते!

नवऱ्याने विचारलं, "मग उद्या होणार काय?" म्हटलं, मला काय विचारतोस? मी फक्त लिहिते.

५ फेब्रुवारी

गेलं! चुकीचं गेलं! दर कमी झाले आणि मी 'विकून मोकळे व्हा' पाठवलं — चार हजार ग्राहकांना! एका फाइलचं नाव 'अंतिम', दुसरीचं 'अंतिम नक्की'. नावं ठेवण्याची अक्कलही माझीच.

साहेब म्हणाले, "तुम्ही उद्यापासून—" आणि त्यांचा फोन वाजला. मग वाजतच राहिला. बाजार दिवसभर वर वर. घरी येऊन नोकरीच्या जाहिराती चाळल्या. भविष्य लिहिणारी बाई कुणालाच नको आहे.

६ फेब्रुवारी

बाजार कोसळला! सकाळीच. कारण? दर कमी केले म्हणून! "बँकेने एवढे दर उतरवले म्हणजे आत काहीतरी भयंकर असणार" — हे सगळ्यांना झोपेत सुचलं. परवापर्यंत हीच मंडळी दर कमी करा म्हणून गळा काढत होती.

साहेब माझ्या टेबलापाशी थांबले. "पत्रात आपण काय म्हटलं होतं?"

"दिलासा नाही."

"मग मिळाला का दिलासा?"

"नाही."

"मग!"

दुपारी ते टीव्हीवर. "आमच्या अभ्यासगटाने दूरवरचं पाहिलं..." अभ्यासगट म्हणजे माझं उजव्या हाताचं एक बोट.

७ फेब्रुवारी

पगारवाढ. मी नको म्हटलं नाही.

१० फेब्रुवारी

एक निवृत्त नर्सबाई आल्या होत्या. आमच्या जुन्या ग्राहक. पत्र वाचून त्यांनी पाच तारखेलाच सगळे शेअर विकले, बाजार पडायच्या आदल्या दिवशी. नवऱ्याच्या खुब्याचं ऑपरेशन आहे, त्याचे पैसे वाचले. पत्र लिहिणाऱ्याला भेटायचंच म्हणून अडून बसल्या. माझे दोन्ही हात धरले. "बाळ, तू नसतीस तर काय झालं असतं गं आमचं!"

साहेब शेजारी उभे राहून हसत होते. मीही हसले. हसताना जबडा दुखतो हे आज कळलं.

मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. का कोण जाणे, बोलून टाकलं — ते पत्र चुकून गेलं, खरं पत्र 'घ्या' म्हणत होतं, मला बाजारातलं ओ की ठो कळत नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पर्सची चेन लावली. लिफ्ट आली, गेल्या.

आता साहेबांना फोन करतील. करू देत. झक मारली आणि खरं बोलले!

११ फेब्रुवारी

फोन नाही. साहेब उलट खुशीत. पुढच्या पत्रात 'अचूकतेची परंपरा' असं लिहायला सांगितलंय. एका पत्राची परंपरा!

१३ फेब्रुवारी

नर्सबाई परत आल्या. ऑपरेशनचे बाजूला ठेवून उरलेली सगळी पुंजी घेऊन. "तीस वर्षं वॉर्डात काढली. माझं चुकलं म्हणणारा एकच डॉक्टर भेटला. मग घरच्यांना त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही मी."

मी नको नको म्हणत होते. ऐकलं नाही. गुंतवणुकीच्या अर्जावर 'सल्लागार' लिहिलंय तिथे स्वतःच्या हाताने माझं नाव घातलं.

उद्या सकाळी बाजार उघडेल.