हेलिकॉप्टरच्या शेपटीवरचा अंगठा

माय, तुझं हेलिकॉप्टर मी परवा साबणाने धुतलं. आधी हेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं आहे. गावात असताना मी तुला माय म्हणायचे, नांदेडला कॉलेजात गेल्यावर आई म्हणायला लागले, आणि तू दोन्हींना सारखीच ओ द्यायचीस. आता कॉलेजही मागे पडलं आणि नोकरीही. तेव्हा माय.

धाकट्याचा नांदेडहून फोन आला होता. रिटायर होऊन त्यालाही बरीच वर्षं झाली, पण फोनवर अजून हुकूम सोडल्यासारखा बोलतो. "अक्का, ते माझं हेलिकॉप्टर हाय का तुझ्याकडं? का दिलं भंगारात?" मी म्हटलं, "भंगारात द्यायला तुझ्या बापाचं आहे का ते?" "माझ्या बापाचंच की, तुझा बाप येगळा हाय का?" असं म्हणून तो हसला, आणि रविवारी न्यायला येतो म्हणाला. मी कपाटावरून ते खाली काढलं. इतक्या वर्षांची धूळ, माश्यांचे ठिपके, एका पंख्याच्या पात्याला कोळ्याचं जाळं. घाण वस्तू मी कुणाच्या हातात देत नाही. हे तूच शिकवलंस. दुष्काळात प्यायला पाणी नसताना राखेने घासलेली भांडी उन्हात मांडून ठेवायचीस, का, तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी. आपल्या घरात कुणी बोट ठेवायला जागा शोधत येतं, ती त्याला सापडू द्यायची नाही, असं म्हणायचीस. मी तपेल्यात कोमट पाणी घेतलं, साबण फेसला, दात घासायचा जुना ब्रश घेतला. धुळीखाली तुझी काजळी आहे हे मी विसरले नव्हते. वरची धूळ माझ्या घरातली, खालची तुझी, आणि तुझी पक्की बसलेली असणार असं मी धरून चालले. पाणी आधी करडं झालं, मग काळं, मग तांबडं. तांबडं दिसल्यावर हात थांबला. तोवर एक अख्खी बाजू हिरवीगार निघाली होती, मी रंगवली होती तशीच.

ती रंगवली ते वर्ष लातूर वेगळा जिल्हा झाल्याचं. मी इथे लातुरात शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागले होते. शहरात जिकडेतिकडे नव्या पाट्या, नवी ऑफिसं, ज्यांना काल कुणी विचारत नव्हतं ते आज साहेब. नव्या जिल्ह्याचं प्रदर्शन भरणार होतं आणि हेडमास्तरांनी प्रत्येकाला काहीतरी मांडायला सांगितलं होतं. धाकटा तेव्हा लष्कराच्या हेलिकॉप्टरांवर फिटर होता. रजेवर येताना त्याने एका मोठ्या शहरातून प्लास्टिकच्या सुट्या भागांचा खोका आणला होता. रजेत बसून त्याने ते चिकटवलं आणि बिनरंगाचं माझ्याकडे टाकून गेला. रंग मी दिला. हार्डवेअरच्या दुकानातून हिरवा ऑइल पेंट आणला, टर्पेंटाइन घालून पातळ केला, एक हात दिला की वाळू द्यायचा, बारीक पॉलिश पेपरने घासायचा, मग दुसरा हात. ब्रशची एक रेघ दिसू दिली नाही. शेवटी ते नव्या स्टीलच्या डब्यासारखं चमकत होतं. शाळेत आपल्या समाजाची मी एकटी होते. माझ्या टेबलावर काय ठेवलं जाईल याकडे किती डोळे असतील ते मला माहीत होतं.

तू तेव्हा गावाहून राहायला आलेली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी शाळेतून आले, आणि बघते तर तू ओसरीवर पोतं टाकून बसली आहेस, भर दुपारी रॉकेलची चिमणी पेटवलेली, तिच्यावर ताटली उपडी धरलेली आणि मांडीवर माझं हेलिकॉप्टर. ताटलीवर जमलेली काजळी तेलाच्या थेंबात कालवून तू चिंधीने इंजिनाच्या नळकांड्यापासून मागे शेपटीकडे ओढत होतीस. नळकांड्याजवळ दाट, पुढे विरळ. पोटाला आणि चाकांना गेरू आणि अंगणातली माती लावून झाली होती. हेलिकॉप्टरच्या दाराच्या पायरीवरचा रंग तू काथ्याने घासून काढला होतास आणि तिथे पेन्सिलीचं शिसं चोळलं होतंस, म्हणजे माणसं चढून-उतरून लोखंड उघडं पडल्यासारखं दिसत होतं.

"माय, हे काय करून राहिलीस?"

"दिसत न्हाई व्हय काय करून राहिले ते?"

"उद्या न्यायचंय ते प्रदर्शनात."

"मग ने की. म्या काय धरून ठेवलंय?"

"असं घाण नेऊ?"

"घाण न्हाई ती."

"मग काय आहे?"

तू चिंधी खाली ठेवलीस. "शिकलेली तू हायस. तूच सांग." शेजारच्या काकू कुंपणापलीकडून ऐकत होत्याच. त्या म्हणाल्या, "दिष्ट लागू नये म्हणून लावलं असंल वो बाई काजळ." त्यावर तू ताडकन म्हणालीस, "आमच्यात लावत न्हाईत तसलं. सोडलं ते सारं." म्हणजे तेही नाही. तू उठून भाकरी टाकायला गेलीस. मी हेलिकॉप्टर उचललं तेव्हा शेपटीवर, डाव्या बाजूला, काजळीत उमटलेला तुझा अंगठा दिसला. चुकून लागलेला नव्हता. नीट दाबून, रेषान् रेष उठवलेला होता.

पुसून पुन्हा रंग द्यायला वेळ नव्हता. तसंच नेलं. स्टाफरूममध्ये भूगोलाच्या सरांनी मान तिरकी करून पाहिलं आणि विचारलं, "बाई, पुसायचं राहून गेलं का?" मी म्हटलं, "राहिलेलं नाही. ते असंच असतं." "तुम्ही पाहिलंय जवळून?" "माझ्या आईने पाहिलंय." हे वाक्य तोंडातून निघेपर्यंत ते मलाही आठवलं नव्हतं.

तू ते पाहिलंस तो दिवस आता मी पुन्हा पुन्हा उलगडून बघते आहे. दुष्काळाचं वर्ष, कंधारकडचं रस्त्याचं काम. हॉस्टेलची मेस बंद पडली म्हणून मी घरी आले आहे आणि तुझ्याबरोबर खडीवर बसले आहे. साहेब लोक पाहणीला येणार म्हणून मुकादमाने सकाळपासून बायकांना डोक्यावर पदर घेऊन ओळीत बसवलं आहे. मग आवाज येतो, लष्कराचं हेलिकॉप्टर येतं आणि शेजारच्या पडीक रानात उतरतं. इतकी धूळ उठते की ओळही दिसेनाशी होते. लेकरांच्या सावलीला बांधलेलं लुगडं उडून बाभळीवर जाऊन बसतं. साहेब उतरतात, नाकाला रुमाल लावून कामाच्या दुसऱ्या टोकाला चालू लागतात. मशीनपाशी उभा असलेला एक जवान पाणी मागत येतो. सवर्ण बायकांचं मडकं लिंबाखाली, आपलं वेगळं, बोरीखाली. त्याला कोण काय सांगणार. तो सरळ बोरीखाली येतो. "अवो ते न्हाई, ते त्यांचं हाय, इकडं या," लिंबाखालच्या बायका ओरडतात. त्याला मराठी येत नाही. तू लोटा भरून देतेस, तो वर धरून ओतून घेत नाही, तोंड लावून पितो. मग आपल्या जोडीदाराकडे बोट दाखवतो, आणि तू दुसरा लोटा भरून त्याच्या मागे मशीनपर्यंत जातेस. मी जागची उठत नाही.

तू परत आलीस तेव्हा उजवा अंगठा काळा होता. मी म्हटलं, "हात धू." तू म्हणालीस, "पानी कुठंय धुवायला?" मडक्यात पाणी होतं. कामावर वाटलेली सुकडी तू चार बोटांनी खाल्लीस, अंगठा वेगळा धरून. संध्याकाळी हजेरीला मुकादमाने सगळ्यांसारखी तुझ्यापुढेही शाईची डबी सरकवली. तू डबी परत सरकवलीस. "अंगठा कामून? म्या सही करते." बुद्धाचा धर्म घेतल्यानंतर तू प्रौढांच्या वर्गात जाऊन नाव लिहायला शिकली होतीस आणि त्यानंतर कुठल्याही कागदावर अंगठा दिला नाहीस. मला तू एकच थप्पड मारल्याचं आठवतं. लहानपणी मी खेळता खेळता भिंतीवर चुन्याचा अंगठा उठवला होता, त्याची. मग हेलिकॉप्टरवर का? सही करायची होती तर सही करायचीस. जागा होती शेपटीवर.

मी शिक्षिका आहे, मला कारण लागतं. इतकी वर्षं मी समजत होते की काजळी कुठे धरते, पायरी कुठे झिजते, हे तुला धाकट्याने सांगितलं असेल. काल त्याला फोन करून विचारलं.

"म्या? म्या कामून सांगू? रजेत मशीनचं नाव काढत नसे मी. आन आम्हाला पहिलं काम कोणतं होतं सांगू? ती काजळी पुसायची. ऱ्हायली तर साहेब सालटी काढायचा."

"मग तिला कुठून माहीत?"

"मला काय ठाव? मला वाटायचं तूच पुस्तकात बघून सांगितलं असशील." मग म्हणाला, "अक्का, मायचा अंगठा हाय ना त्याच्यावर अजून? शेपटीवर? मला तेवढंच पायजे. फोटो तर एकबी धड न्हाई तिचा."

मी म्हटलं, "रविवारी ये."

अंगठा धुतलेल्या बाजूलाच होता.

आज सकाळपासून मी पोतं टाकून बसले आहे. आता रॉकेल मिळत नाही, मेणबत्तीवर ताटली धरली. काजळी तेलात कालवली. पहिल्यांदा फार तेल झालं, सगळं शेपटीपर्यंत ओघळलं, पुसावं लागलं. दुसऱ्यांदा कोरडी चिंधी घेतली तेव्हा नळकांड्याजवळ दाट आणि पुढे विरळ असं थोडंफार जमलं. मधूनमधून न धुतलेली बाजू वळवून बघत एकेक डाग जुळवत गेले. गेरू कुंडीवाल्याकडून आणला. पायरी तुझीच राहिली होती, शिसं साबणाने गेलं नव्हतं. घाण नीट लावणं चमक आणण्यापेक्षा अवघड आहे, माय. कुठे थांबायचं ते कळत नाही. आणि लावताना सारखं वाटत राहिलं की तू त्या रानात मशीनपाशी किती वेळ उभी होतीस, काय काय पाहिलंस, त्या माणसांनी तुला जवळून पाहू दिलं का, आणि मी बसल्या जागेवरून हात धू एवढंच कसं म्हटलं. यातलं काय कशाला जोडायचं ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित काही जोडलेलं नसेलही. तुला फक्त ते मशीन जसं पाहिलं तसं करायचं असेल.

शेवटी शेपटी उरली. मग ताटलीवर उजवा अंगठा घासला आणि तुझ्या जागेवर दाबला. नीट उठला. पण माझ्या अंगठ्यावर विळीने कापल्याची आडवी खूण आहे, तुझ्यावर नव्हती. धाकट्याला ते दिसेल की नाही, आणि दिसलं नाही तर मी सांगेन की नाही, हे ठरलेलं नाही. हे पत्र त्याला दाखवायचं नाही, तुला पाठवायला ठिकाण नाही, म्हणून ते कपाटात अंथरलेल्या कागदाखाली जाईल.

एक मात्र सांगते. अंगठा दिल्यावर मी चहा केला आणि प्यायले, कप चार बोटांनी धरून. नळाला पाणी होतं.