पातेल्याच्या बदल्यात गेलेलं कापड

१४ ऑक्टोबर १९५६. दसरा.
दादाच्या बदलीचा हुकूम आला. एक तारखेपासून मध्य भारत संपणार, सचिवालय भोपाळला. "तूही चल विमल. ड्रॉइंग टीचर तिथेही लागतातच." बघू म्हटलं.
माझं चिंध्या जोडून शिवायचं कापड अजून अपुरंय. रियासत गेली तेव्हा भंगारात निघालेले चोपदारांचे लाल पट्टे, मग मध्य भारताच्या शिपायांचे फाटके खाकी कोट, फायलींच्या फिती. दोन वर्षं जोडतेय. एक कोपरा मुद्दाम रिकामा ठेवलाय. नव्या राज्याच्याही चिंध्या निघतीलच.

१९ ऑक्टो.
बांधाबांध. वहिनी दिवसातून चारदा अंगणातल्या, मी केलेल्या हत्तीला अडखळतात. तेलाच्या डब्यांचा पत्रा, सोंडेला सायकलची चेन. "वन्सं, हा कुठे न्यायचा?"
म्हटलं, कुठेच नाही, तो ग्वाल्हेरचा. बोलून गेले खरी. म्हणजे मीही? ठरलेलं नाही.

२२ ऑक्टो.
कापड नाही!
शाळेतून आले तर ट्रंकेवरची घडी गायब. वहिनींनी जुनेराबरोबर बोहारणीला देऊन टाकलं. बदल्यात पितळी पातेलं.
"चिंध्याच तर होत्या, वन्सं. त्यात कोपरा अर्धवट. मला वाटलं, बिघडलं म्हणून टाकलंत." वर पातेलं वाजवून दाखवतात! बोहारणीच्या टोपलीतलं एकही पसंत पडेना, म्हणून तिला घरी पिटाळून तिच्या चुलीवरचं आणवलं म्हणे. काठावर कुणाचं तरी नाव कोरलेलं.
आपलेच दात, आपलेच ओठ. जेवले नाही. खूप रडले. हत्ती वाचला तो केवळ बोहारणीला उचलेना म्हणून.

२५ ऑक्टो.
पाटणकर बाजारातले जुन्या कपड्यांचे सगळे ढीग उपसले. नाही. बोहारणीचं नाव रामप्यारी, एवढं कळलं. दादा म्हणतो, "दुसरं शिव. हातच तर चालवायचा." याला फाइल हरवली की तीन दिवस ताप येतो.

२८ ऑक्टो.
ट्रक गेला. दादा-वहिनी गेले. मी सहामाहीचं निमित्त काढून राहिले. निघताना वहिनींनी डोळे पुसले, मीही. राग तेवढाच आहे.

३० ऑक्टो.
सापडलं! नया बाजाराच्या मागे रामप्यारीची खोली. तिची मुलगी मुन्नी बाळंतीण, आणि माझ्या कापडावर बारा दिवसांची पोर झोपलेली. चोपदारांच्या पट्ट्यावर शू करून.
"बेचा नहीं बाईसाब. इत्ता मजबूत सिला है, मोड़ी को इसी पे सुला दिया."
पैसे देऊ केले. नको. नवं पातेलं आणते म्हटलं. तेही नको. "मेरी वाली पतेली लाओ, कपड़ा ले जाओ. उस पे मेरी सास का नाम है. आपकी भाभी ने तो जान खा ली थी, सो दे बैठी."
म्हणणं खरंच आहे तिचं, त्याचाच जास्त संताप. पातेलं वहिनींच्या पेटीत, पेटी भोपाळात. पत्र टाकलं.

१ नोव्हें.
आजपासून मध्य प्रदेश. सकाळी नळाला पाणी नाही. कालही नव्हतं.

७ नोव्हें.
वहिनींचं उत्तर. "पातेलं खुशाल देते, पण पार्सल करायची नाही. न्यायला स्वतः या, चार दिवस राहा. इकडे शाळेत जागा आहे, यांनी बोलून ठेवलंय." पातेलं ओलीस! ही अक्कल दादाची. वहिनी सरळ आहेत, नुसत्या देऊन टाकतात.

११ नोव्हें.
रामप्यारीकडे गेले, भोपाळला जाऊन पातेलं आणते म्हणून सांगायला. ती फेरीला गेलेली. मुन्नीने पोर माझ्या मांडीवर दिली आणि कापड झटकून पसरलं.
कोपरा भरलेला! निळं, पांढऱ्या बुंदक्यांचं.
"मेरे लहंगे का है. यहाँ से मोड़ी को ठंड लगती थी."
मला न विचारता! दोन वर्षं राखलेला कोपरा! ओरडणारच होते, पण मांडीवर पोर झोपलेली. मग टाके बघितले. माझ्यापेक्षा बारीक. उलट्या बाजूला गाठही दिसत नाही. आणि निळा त्या लालाशेजारी... मला सुचला नसता. उसवणं माझ्याच्याने होणार नाही, हे तिथेच कळलं.
शुक्रवारचं भोपाळचं तिकीट काढलंय. पातेलं आणलं तर रामप्यारीच्या शब्दाप्रमाणे मुन्नी कापड पोरीखालून काढून, घडी करून हातात देईल. थंडी वाढतेय.