आईनं अडवलेली बढती

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबांस,
रश्मीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही डबीत जपून ठेवलंय, म्हणून लिहितेय.

हैदराबादची एक मोठी कंपनी मला नोकरी देतेय. ३० तारखेपर्यंत हो की नाही कळवायचंय. दहा वर्षं मी भाईंदरच्या त्याच बारा माणसांच्या ऑफिसात, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट काढणारं तेच सॉफ्टवेअर सांभाळतेय. हरिश्चंद्र सरांनी मला घेतलं तेव्हा दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं, म्हणून पाय निघत नाही. पण मुलाखतीत माझ्याहून लहान मुलीनं विचारलं, गेल्या दोन वर्षांत नवीन काय शिकलात? मला काहीच सांगता आलं नाही. जुनं काम चोख आहे म्हणून त्यांनी निवडलं, तरी मला फार लाज वाटली. आणखी दोन वर्षं अशीच गेली तर मला कुणी मुलाखतीलाही बोलावणार नाही.

परवा आपल्या जुन्या पूनम सागर कॉम्प्लेक्सवरून आले. आपल्या बिल्डिंगखालचं सायबर कॅफे जाऊन तिथे मोबाइल कव्हरचं दुकान झालंय. मी आत बसायचे आणि तुम्ही तासभर बाहेर पायरीवर तोच पेपर पुन्हा पुन्हा वाचायचात. आत या म्हटलं की आत उकडतं म्हणायचात, एसी असून.

काय करू ते कळवा.

तुमची,
रश्मी


वडगाव, जि. हिंगोली
१० ऑगस्ट २०२५

चि. रश्मीस,
सहादेवचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र मिळालं. अक्षर बिघडलंय तुझं, कॉम्प्युटरचा दोष. इकडे पाऊस बरा आहे. तुझ्या लोकेशदादाची मुलं येऊन गेली, दोन दिवस घर गाजवून गेली.

ज्या माणसानं पहिल्यांदा विश्वास टाकला त्याला अर्ध्यावर सोडू नये, असं मला वाटतं. मी एकाच खात्यात चौतीस वर्षं काढली. २००४ साली परीक्षा पास होऊन नागपूरची बढती आली होती. तुझ्या आईला पूनम सागर सोडवेना, म्हणून नाकारली. काही बिघडलं का? त्या एका खोलीत आपण सुखात होतो. चौदा एप्रिलला अंबिका खीर करायची आणि अख्खा मजला आपल्याकडे. मराठी, गुजराती, कोण कोण असायचं. मोठ्या पगारात तसे शेजारी मिळत नाहीत. विचार करून ठरव.

तुझा,
बाबा


सिल्व्हर पार्क
१७ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम.

ठरलं. हैदराबादला नकार कळवणार आहे. तुमचं पत्र वाचलं आणि खिरीचा वास आला, इतकं बस झालं. सरांना यातलं काही सांगितलेलं नाही, सांगायची गरजही नाही.

खरं सांगू, मी आईवर गेलेय. तिला घर सोडवलं नाही, मला ऑफिस सोडवत नाही. कॉलेजात असताना एकदा भांडणात मी तिला म्हणाले होते, तुझ्यामुळे बाबा जन्मभर कारकून राहिले. तिनं चहा घेणार का विचारलं आणि आत गेली. तिला जाऊन सहा वर्षं झाली, तरी ते मनातून जात नाही. आता तिचं म्हणणं पटतंय, हे तिला सांगायला हवं होतं.

औषधं वेळेवर घ्या, आणि मशीन कानात घाला. डबीला ऐकू येऊन काय उपयोग?

तुमची,
रश्मी


वडगाव
२२ ऑगस्ट २०२५

चि. रश्मीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतोय. ३० तारखेच्या आत मिळालं पाहिजे.

तुझ्या आईनं मला अडवलं नव्हतं. तुम्ही दोघं तेव्हा सुट्टीत मामाकडे होता. ऑर्डर आली त्याच दिवशी तिनं सामान बांधायला घेतलं. मोठा कुकर आणि पाण्याचं पिंप शेजारी देऊनही टाकलं. नागपूरला दीक्षाभूमी जवळ येईल म्हणून ती केवढी खूश होती.

अडलो तो मी. तिथे इंग्रजीत रिपोर्ट लिहायचे होते आणि साहेबांसमोर उभं राहून बोलायचं होतं. ऑफिसातला एक जण हसत म्हणाला होता, "सवलतीत पास झालास, पण रिपोर्ट कोण लिहून देणार?" ते डोक्यात बसलं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी अंबिका शेजाऱ्यांकडे गेली, कुकर आणि पिंप परत मागून आणलं आणि सगळ्यांना सांगून आली, "मलाच जायचं नाही." मी तिला तसं सांग म्हणालो नव्हतो. पण मी तिचं म्हणणं खोडलंही नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे एकवीस वर्षं नाही. दहा तारखेच्या पत्रातही तेच लिहिलं.

तू तिला काय म्हणालीस ते मला आज कळलं. ते शब्द माझ्या वाट्याचे होते, पोरी.

हैदराबादला जा असं मी म्हणत नाही, मला तो अधिकार उरला नाही. पण राहिलीस तर आईवर गेले असं म्हणू नकोस. थांबणारी ती नव्हती.

बाबा


सिल्व्हर पार्क
३१ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबांस,
जयभीम.

पत्र सत्तावीसला मिळालं. दोन दिवस तुमच्यावर इतका राग होता की उत्तर लिहायलाही बसले नाही. तिसऱ्या दिवशी हैदराबादला होकार कळवला आणि हरिश्चंद्र सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी समोर बसायला सांगितलं. मग म्हणाले की तू गेलीस की अडचण होईल, म्हणून इतकी वर्षं तुला नवीन काही शिकायला पाठवलंच नाही, आणि ते चुकलं. दोन महिन्यांनी सोडतील.

रात्रभर नुसतं आईचंच आठवत होतं. सकाळी लोकेशदादाला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आईनं आपल्याला तरी सांगायचं." पंधरा वर्षं मी तिला मनात दोष देत होते आणि ती मला डबा भरून देत होती.

सोबत दहा सप्टेंबरचं हिंगोलीहून मुंबईचं तिकीट पाठवतेय. ती खूश झाली तेव्हा कशी दिसत होती, काय बोलली, काय काय बांधलं, मला सगळं ऐकायचंय. या वेळी लिहू नका. येऊन सांगा.

राग थोडा आहे. माया आहे तेवढीच आहे.

तुमची आणि आईची,
रश्मी