गुडघ्याचा पुरावा

३ जून

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

माझा उजवा गुडघा संपावर गेला आहे. जिना उतरताना जीव नको होतो. इथले डॉक्टर म्हणाले, आतली गादी फाटली आहे, दुर्बिणीने साफ करता येईल. घरात सर्जन असताना परक्याच्या हाती गुडघा कशाला देऊ? रजा काढ आणि तूच कर. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी करून घेतलं. त्यांची लेक येऊन चांगली पंधरा दिवस राहिली. वर नुसती धांदल होती.

जेवत जा वेळेवर. रिपोर्ट सोबत आहेत.

तुझी आई

१४ जून

ती. आईस शि. सा. नमस्कार.

रिपोर्ट पाहिले. ऑपरेशन नको. चिडू नकोस, आधी ऐकून घे. तुझ्यासारख्या झिजलेल्या गुडघ्यांवर नीट अभ्यास झाले आहेत. एकात काहींचं खरं ऑपरेशन केलं, काहींना भूल देऊन नुसती वरवर चीर दिली. कुणाचं कसलं, हे रुग्णांना माहीत नव्हतं. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं! मग चाकू कशाला?

अशी ऑपरेशनं मी करणार नाही, यावरूनच आमच्या मोठ्या सरांशी माझं वाजलं आहे. हल्ली डबाही एकटाच खातो. आता आईसाठीच नियम मोडला, तर कोणत्या तोंडाने बोलू? व्यायामाची चित्रं पाठवली आहेत. आळस करू नकोस.

तुझा,
ठोंब्या

२५ जून

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

व्यायाम करते आहे. कळ थोडी कमी आहे, तेव्हा तुझा पुरावा जिंकला. सरांपुढे मुळीच नमतं घेऊ नकोस. खिडकीशी खुर्ची ओढते, पाय उचलते, धरते, टेकवते. मोजायला कुणी नाही, म्हणून मीच मोठ्याने मोजते. तेवढाच घरात आवाज.

ते खोट्या ऑपरेशनचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांना बरं वाटलं, यात मला नवल वाटत नाही. उशाशी कुणी बसलं असेल, पाणी हवं का म्हणून विचारलं असेल. खरं सांगू? गुडघा दुखतो हे खरं, पण ऑपरेशनचं निमित्त होतं. शिक्षिकाबाईंची लेक पाहिली आणि तुझी फार आठवण आली रे.

तर माझंही खोटंच ऑपरेशन कर. चीर नको, भूल नको. नंतरचे आठ दिवस तेवढे खरे दे.

लोभ आहेच. या खेपेला तो पत्रातून नको, येऊन वाढव.

तुझी आई